डेव्हलपरांच्या हाती मतशक्ती कशी सोपवायची

इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या टोर्नेडो कॅश या प्रोटोकॉलचा (कोडवर चालणाऱ्या सेवेचा) कारभार टोकनधारकांच्या मतांवर चालतो. २० मे २०२३ ला तो एका प्रस्तावातून हल्लेखोराच्या हातात गेला. प्रस्तावाच्या वर्णनात लिहिलं होतं की यातला कोड आधी मंजूर झालेल्या एका प्रस्तावासारखाच आहे. मतदारांनी वर्णन वाचलं आणि होकार दिला. कोडमध्ये मात्र एक जादा फंक्शन होतं, ज्याने ते कॉन्ट्रॅक्ट (चेनवर बसवलेला कोड) स्वतःला पुसून टाकू शकत होतं. मंजुरीनंतर हल्लेखोराने ते पुसलं, त्याच पत्त्यावर वेगळा कोड बसवला आणि स्वतःच्या नावावर १२ लाख मतं लिहून घेतली. खऱ्या मतांची बेरीज तेव्हा ७ लाखांच्या आसपास होती.

ही विशिष्ट युक्ती इथेरियमवर मार्च २०२४ च्या डेंकन अपग्रेडनंतर तशीच्या तशी चालत नाही. पण वर्णनात एक आणि कोडमध्ये दुसरंच, ही वाट आजही उघडी आहे. ती बंद होते फक्त कुणीतरी कोड वाचल्यावर. बहुतेक टोकनधारकांना ते वाचन जमत नाही, आणि ज्यांना जमतं त्यांनाही दर प्रस्तावाला तेवढा वेळ नसतो. डेव्हलपरकडे मतशक्ती सोपवण्यामागचं खरं कारण हेच: तुमच्या वतीने कुणीतरी तो कोड वाचावा. म्हणून पुढची सगळी निवड आणि देखरेख एकाच प्रश्नाभोवती ठेवा: हा माणूस खरंच वाचतो का?

सोपवल्यावर काय जातं

टोकन तुमच्याच वॉलेटमध्ये राहतात. ते विकता येतात, पाठवता येतात. डेलिगेटला, म्हणजे ज्याच्याकडे मतं सोपवली त्याला, त्यातलं एकही हलवता येत नाही. मुखत्यारपत्रात मालमत्ता विकण्याचा अधिकारही देता येतो, इथे जातो तो फक्त हात वर करण्याचा अधिकार, आणि तो हवा तेव्हा परत घेता येतो.

इथेरियमवरच्या बऱ्याच टोकनांचा साचा कंपाउंड या कर्जाच्या प्रोटोकॉलने २०२० मध्ये कॉम्प टोकनसोबत आणला. युनिस्वॅप या टोकन-अदलाबदलीच्या प्रोटोकॉलचं युनि आणि पत्त्यांना वाचता येणारी नावं देणाऱ्या ईएनएसचं टोकन त्याच घराण्यातलं. या साच्याचे नियम सही करण्याआधीच समजून घ्या, कारण गोंधळ होतो तो इथेच.

टोकन हातात असणं म्हणजे मत असणं नव्हे. डेलिगेट नेमेपर्यंत तुमची मतशक्ती शून्य असते. स्वतः मत द्यायचं असेल तरी आधी स्वतःलाच डेलिगेट म्हणून नेमावं लागतं. एका वॉलेटला एकच डेलिगेट मिळतो आणि त्याच्याकडे सगळी शिल्लक जाते. ५०० टोकनांपैकी २०० एकाला आणि ३०० दुसऱ्याला द्यायचे असतील तर टोकन दोन वॉलेटमध्ये विभागावे लागतात. एकदा नेमणूक झाली की पुढचा हिशोब आपोआप चालतो: आज ५०० सोपवले आणि उद्या त्याच वॉलेटमध्ये आणखी ३०० आले, तर डेलिगेटकडे ८०० मतं दिसतात. तुम्ही टोकन विकले की तेवढी मतं त्याच्याकडून कमी होतात, आणि घेणाऱ्याने कुणाला नेमलेलं नसेल तर ती कुणाच्याच खात्यात जात नाहीत.

मिळालेली मतं डेलिगेट पुढे तिसऱ्याला देऊ शकत नाही. त्याने स्वतःचे टोकन दुसऱ्याकडे सोपवले तरी तुमची मतं त्याच्याकडेच थांबतात. याची एक वाईट बाजू आहे. डेलिगेटने काम सोडलं आणि उत्तराधिकारी जाहीर केला, तरी तुमची मतं आपण होऊन तिकडे जात नाहीत. तुम्ही स्वतः हलवेपर्यंत ती पडून राहतात.

शेवटचा नियम वेळेचा. मतं मोजली जातात ती एका ठरलेल्या ब्लॉकवरच्या (चेनवरच्या व्यवहारांच्या एका गठ्ठ्यावरच्या) नोंदीवरून, सहसा मतदान सुरू होण्याच्या क्षणाच्या. हे कशासाठी, ते बीनस्टॉक या प्रोटोकॉलच्या उदाहरणातून कळतं. १७ एप्रिल २०२२ ला तिथे हल्लेखोराने फ्लॅश लोन (एकाच व्यवहारात घेऊन फेडायचं कर्ज) घेऊन एकाच व्यवहारात प्रचंड मतशक्ती गोळा केली आणि स्वतःचा प्रस्ताव लगेच अमलात आणला. प्रोटोकॉलचं नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलर. जुन्या ब्लॉकवरची नोंद धरली तर असं उसनं बळ कामाला येत नाही. पण त्याच नियमामुळे तुम्हालाही उशीर करून चालत नाही. मतदान सुरू झाल्यावर केलेली नेमणूक त्या प्रस्तावाला लागू होत नाही, आणि मतदान चालू असताना काढून घेतलेली मतंही त्या प्रस्तावापुरती जुन्या डेलिगेटकडेच राहतात.

कोणत्या प्रश्नांवरची मतं द्यायची

प्रस्ताव ढोबळमानाने दोन जातींचे असतात. एकात कोड बदलतो: अपग्रेड, नवं ओरॅकल (बाहेरचे भाव चेनवर आणणारी सोय), व्याजदराचं सूत्र, तारणाची मर्यादा, कुठल्या पत्त्याला कोणती परवानगी. दुसऱ्यात पैसे जातात: ट्रेझरीतून (प्रोटोकॉलच्या सामायिक तिजोरीतून) अनुदान, पगार, प्रचाराचा खर्च. पहिल्या जातीत डेव्हलपरची नजर अमूल्य आहे. दुसऱ्या जातीत तो अनेकदा स्वतःच लाभार्थी असतो. अपग्रेड लिहिणारी कंपनी, तिचं वार्षिक मानधन आणि त्या मानधनावर मत देणारा डेलिगेट हे तिन्ही एकाच घरातले निघू शकतात. यात लबाडी असतेच असं नाही, पण हितसंबंध आहेच.

पोल्काडॉट या दुसऱ्या ब्लॉकचेनवर ही विभागणी रचनेतच आहे. जून २०२३ पासून चालू असलेल्या ओपनगव्ह या मतदान-पद्धतीत प्रत्येक प्रस्ताव एका ट्रॅकवर, म्हणजे विषयाच्या गटात, येतो आणि प्रत्येक ट्रॅकची मतं वेगळ्या खात्याकडे सोपवता येतात. तिथे आमची शिफारस स्पष्ट आहे: रूट आणि व्हाइटलिस्टेड कॉलर हे ट्रॅक प्रोटोकॉलचा कोड जाणणाऱ्याकडे द्या, ट्रेझरर, स्मॉल स्पेंडर, मीडियम स्पेंडर, बिग स्पेंडर आणि टिपर हे ट्रॅक स्वतःकडे ठेवा किंवा ज्याला ट्रेझरीतून काही मिळत नाही अशाकडे द्या.

युनि किंवा कॉम्पसारख्या टोकनात विषयवार वाटणी नाही. तिथे दोन उपाय उरतात. एक, टोकन दोन वॉलेटमध्ये ठेवून एक डेव्हलपरकडे आणि एक स्वतःकडे. त्यामुळे पैशांच्या प्रश्नावर निदान अर्धा आवाज तुमचा राहतो. दुसरा, असा डेव्हलपर निवडा जो आपले हितसंबंध लिहून जाहीर करतो आणि तशा प्रस्तावावर तटस्थ राहतो. तटस्थ मताचा परिणाम मात्र माहीत असू द्या. ओपनझेपेलिन या कोड-संग्रहाच्या नेहमीच्या गव्हर्नर (मतदान चालवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या) साच्यात होकार आणि तटस्थ दोन्ही मतं कोरममध्ये, म्हणजे मंजुरीला लागणाऱ्या किमान मतांत, धरली जातात. गव्हर्नर ब्राव्हो या जुन्या साच्यात कोरमसाठी फक्त होकाराची मतं मोजतात. तिथे तटस्थ राहणारा मोठा डेलिगेट प्रस्ताव कोरमअभावी पाडूही शकतो.

आवे या कर्जाच्या प्रोटोकॉलमध्ये तिसरीच सोय आहे. मत देण्याची शक्ती आणि प्रस्ताव मांडण्याची शक्ती तिथे वेगवेगळी सोपवता येते, आणि काहीच सोपवलं नाही तर दोन्ही धारकाकडे राहतात. अनुभवी डेव्हलपरला प्रस्ताव मांडायला बळ द्यायचं पण मत स्वतःकडे ठेवायचं, हे तिथे शक्य आहे. ही सोय फारच कमी लोक वापरतात असं वाटतं, आणि ती वापरण्यासारखी आहे.

डेव्हलपर पारखताना

डेलिगेटचं ओळखपत्र सगळ्यांचंच छान असतं. त्यातली ध्येयधोरणं बाजूला ठेवा आणि मतांची नोंद उघडा. ऑन-चेन (चेनवर नोंदलेली) मतं कुणालाही पाहता येतात. कारभाराची मतं दाखवणाऱ्या साइटवर डेलिगेटच्या पानावर त्याने दिलेलं प्रत्येक मत आणि सोबतचं कारण दिसतं.

आधी हजेरी पाहा. मागचे २० प्रस्ताव घ्या आणि किती ठिकाणी त्याने मत दिलं ते मोजा. तांत्रिक प्रस्तावांवर हजर आणि बाकीच्यांवर गैरहजर असेल तर एकवेळ चालेल, उलटं अजिबात चालणार नाही. गैरहजेरीची किंमत कंपाउंडमध्ये जुलै २०२४ मध्ये दिसली. २८९ क्रमांकाच्या प्रस्तावात ४,९९,००० कॉम्प एका गटाच्या तिजोरीत वळवायचे होते. विरोध मोठा असूनही प्रस्ताव ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी मंजूर झाला. फरक ५० हजारांहूनही कमी. मतदान संपलं तो रविवार होता. पुढे तडजोडीने प्रकरण मिटलं, तरी झोपलेल्या मतशक्तीचा हिशोब तिथे उघडा पडला.

मग कारणं वाचा, आणि यात घाई करू नका, कारण डेव्हलपर वाचतो की नाही हे कळण्याची जागा हीच आहे. ‘टीमवर विश्वास आहे, पाठिंबा’ हे कारण कुणीही लिहू शकतो; त्यासाठी कोड येण्याची गरज नाही. खऱ्या वाचनाच्या खुणा वेगळ्या असतात. प्रस्ताव कोणत्या पत्त्यांना कोणते कॉल (फंक्शन चालवण्याचे आदेश) करणार आहे ते त्याने उलगडून मांडलेलं असतं. त्या पत्त्यांवरचा कोड एक्स्प्लोररवर (चेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर) पडताळलेला आहे का, हे तो सांगतो. चेनची प्रत काढून त्यावर प्रस्ताव चालवून पाहिला असेल तर निकाल जोडतो. अपग्रेड असेल तर जुन्या आणि नव्या कॉन्ट्रॅक्टच्या स्टोरेजची (साठवलेल्या माहितीची) मांडणी जुळते का, इनिशियलायझर (सुरुवातीची मांडणी करणारं फंक्शन) दुसऱ्यांदा कुणाला चालवता येईल का, याबद्दल एखादी ओळ असते. रक्कम असेल तर दशांश तपासलेले असतात: यूएसडीसीला ६ दशांश, बहुतेक टोकनांना १८, ही चूक रकमेला एक लाख कोटी पटींनी फिरवते. आणि शेवटी, वर्णनातलं वाक्य आणि कोडमधला कॉल एकच गोष्ट करतात का, हे त्याने स्वतंत्रपणे म्हटलेलं असतं. टोर्नेडो कॅशमध्ये नेमकी हीच ओळ कुणी लिहिली नाही.

नकाराची मतं शोधा. लोकप्रिय प्रस्तावावर तांत्रिक कारण देऊन एकदा तरी नकार दिलेला डेव्हलपर सगळ्याला होकार देणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा. नकारानंतर प्रस्ताव सुधारून पुन्हा आला आणि त्याने होकार दिला असेल तर त्याहून उत्तम.

रिपॉझिटरीही (प्रोटोकॉलच्या कोडचं भांडार) उघडा, पण कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) संख्येवर भुलू नका. टायपो दुरुस्त करूनही ती वाढते. दुसऱ्यांच्या पुल रिक्वेस्टवर (सुचवलेल्या कोडबदलांवर) त्याने काय शेरे दिले आहेत ते वाचा. कुणाच्या कोडमधली चूक दाखवून देणारा आणि ती समजावून सांगणारा शेरा हा डेलिगेटच्या कामाचा अगदी जवळचा नमुना आहे. स्वतः उत्तम कोड लिहिणारा दुसऱ्याचा कोड धीराने वाचेलच असं नसतं. ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि तुम्हाला दुसरं हवं आहे.

त्याला पगार कोण देतं? फाउंडेशन, प्रोटोकॉलची कंपनी, ऑडिट संस्था, प्रतिस्पर्धी प्रोटोकॉल? उत्तर काहीही असलं तरी ते लिहून दिलेलं असावं. विचारल्यावर टाळाटाळ झाली तर पुढे जा.

त्याच्याकडे आधीच किती मतं साचली आहेत तेही पाहा. कोरम ही चांगली मोजपट्टी आहे: युनिस्वॅपमध्ये ४ कोटी युनि, कंपाउंडमध्ये ४ लाख कॉम्प, ईएनएसमध्ये एकूण १० कोटींच्या १ टक्का म्हणजे १० लाख. एखाद्याकडे कोरमच्या निम्म्याहून जास्त मतं असतील तर तुमची भर घालून त्याच्या निर्णयात फारसा फरक पडणार नाही, धोका मात्र एकाच खात्याच्या गुप्त चावीवर वाढेल. तेवढाच काळजीपूर्वक वाचणारा पण कमी मतांचा डेव्हलपर शोधा. यादीतली वरची नावं मतशक्तीच्या क्रमाने लागलेली असतात आणि लोक वरचंच नाव दाबतात. ही सवय सगळ्या कारभारासाठी वाईट आहे.

मतं जमेल तिथे दोन-तीन स्वतंत्र वाचकांत वाटा, हे सांगण्यामागे ठोस कारण आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपाउंडचा ६२ क्रमांकाचा प्रस्ताव रीतसर मंजूर होऊन लागू झाला आणि त्यातल्या एका तुलनेच्या चुकीमुळे काही वापरकर्त्यांना हक्कापेक्षा कितीतरी जास्त कॉम्प मिळू लागले. सुमारे २,८०,००० कॉम्प धोक्यात आले. कोडमध्ये लबाडी नव्हती. पण दुरुस्तीलाही कारभाराचीच पायरी चढावी लागत असल्याने ती लगेच करता आली नाही. चांगल्या डेव्हलपरच्याही नजरेतून चिन्ह निसटतं. एकाच संघातल्या तिघांनी वाचलं तर ते तिघांच्याही नजरेतून निसटण्याची शक्यता मोठी, म्हणून वाचक वेगवेगळ्या संघांतले असावेत.

प्रत्यक्ष सोपवणं

टोकन स्वतःच्या ताब्यातल्या वॉलेटमध्ये, टोकनच्या मूळ चेनवर हवेत. एक्स्चेंजवर ठेवलेल्या टोकनांची मतशक्ती तुम्हाला सोपवता येत नाही, कारण चेनच्या लेखी ते एक्स्चेंजच्या पत्त्यावर असतात. कर्ज देणाऱ्या प्रोटोकॉलमध्ये किंवा लिक्विडिटी पूलमध्ये (अदलाबदलीसाठीच्या सामायिक साठ्यात) ठेवलेल्या टोकनांचंही तेच. ब्रिज करून दुसऱ्या चेनवर नेलेले टोकन बहुतेक ठिकाणी मोजले जात नाहीत. इथेरियमवर काम करताना व्यवहारशुल्कासाठी थोडं ईथर लागेल. साधं ईथर पाठवायला २१,००० गॅस (व्यवहाराच्या कामाचं माप, ज्यावरून शुल्क ठरतं) लागतो. डेलिगेट कॉल मतांच्या नोंदी लिहीत असल्यामुळे त्याच्या काही पट घेतो. घाई नसेल तर गॅस स्वस्त असताना करा.

१. डेलिगेटचा पत्ता दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्या: कारभाराच्या पानावरून आणि डेव्हलपरच्या स्वतःच्या प्रोफाइलवरून. ईएनएस नाव दिलं असेल तर ते कोणत्या पत्त्याला उलगडतं ते पाहा. एका अक्षराचा फरक असलेली नावं मुद्दाम नोंदवलेली असतात. पत्ता जुळवताना पहिली-शेवटची चार अक्षरं पुरेशी नाहीत. तेवढी जुळणारे पत्ते बनवता येतात.

२. प्रोटोकॉलच्या अधिकृत कारभार पानावर वॉलेट जोडा. शोध इंजिनातल्या जाहिरातीच्या दुव्यावरून जाऊ नका. टोकन कॉन्ट्रॅक्टचा पत्ता प्रोटोकॉलच्या दस्तऐवजांतून घेऊन पानावरच्या पत्त्याशी ताडून पाहा.

३. डेलिगेट निवडून व्यवहार सुरू करा आणि वॉलेटमधली खिडकी नीट वाचा. फंक्शन ‘डेलिगेट’ असायला हवं, त्यात एकच पत्ता असायला हवा, पाठवली जाणारी रक्कम शून्य असायला हवी. ‘अप्रूव्ह’, ‘ट्रान्सफर’ किंवा ‘परमिट’ यांपैकी काही दिसलं तर थांबा आणि व्यवहार नाकारा. मत सोपवायला टोकन खर्च करण्याची परवानगी कधीच लागत नाही.

४. काही ठिकाणी गॅस न भरता फक्त सहीने सोपवता येतं; व्यवहार दुसरं कुणी पाठवतं. त्या सहीच्या संदेशात तीन रकाने असतात: डेलिगेटचा पत्ता, नॉन्स (सहीचा क्रमांक) आणि मुदत. ‘स्पेंडर’ आणि ‘व्हॅल्यू’ असे रकाने दिसले तर ती मताची सही नाही, टोकन काढून घेण्याची परवानगी आहे. फसव्या पानांचा हा आवडता डाव असतो, कारण सहीला गॅस लागत नाही म्हणून लोक न वाचता ती देतात. मुदत संपण्याआधी ती सही पाठवली गेली का, हेही तपासा. नाहीतर काहीच घडलेलं नसतं.

५. व्यवहार पूर्ण झाल्यावर एक्स्प्लोररवर टोकन कॉन्ट्रॅक्टच्या वाचनाच्या भागात जा. ‘डेलिगेट्स’मध्ये स्वतःचा पत्ता टाका; डेव्हलपरचा पत्ता यायला हवा. त्याच्या मतशक्तीच्या आकड्यात तुमची शिल्लक मिळाली का ते पाहा. आकडा १८ शून्यांसह मोठा दिसेल, ते टोकनाचे दशांश आहेत. ‘डेलिगेट्स’च्या उत्तरात सगळे शून्य दिसले तर शून्य पत्ता नेमला गेला आहे. तुमची मतं तेव्हा कुणाकडेच नाहीत.

जवळच्या प्रस्तावासाठी हे करत असाल तर वेळ मोजा. युनिस्वॅपमध्ये प्रस्ताव मांडल्यापासून मतदान सुरू होईपर्यंत १३,१४० ब्लॉक जातात. १२ सेकंदांना एक ब्लॉक धरला तर दोन दिवसांहून थोडं कमी. तेवढ्या वेळात नेमणूक झाली तरच ती मोजली जाते.

दुसऱ्या चेनवर नियम बदलतात

पोल्काडॉटवर पत्ता आणि ट्रॅकबरोबर कन्व्हिक्शन निवडावं लागतं, म्हणजे मताचं वजन आणि त्यासाठी टोकन किती काळ अडकवायचे. कुलूप नको असेल तर वजन ०.१ पट. १ पटीला ७ दिवस, २ ला १४, ३ ला २८, ४ ला ५६, ५ ला ११२ आणि ६ पटीला २२४ दिवस. १०० डॉट (पोल्काडॉटचं टोकन) २ पटीने सोपवले तर डेलिगेटच्या मतात २०० ची भर पडते. लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की हे दिवस मोजायला सुरुवात होते नेमणूक मागे घेतल्यापासून. म्हणजे ६ पटीने सोपवून वर्षभराने मागे घेतले तरी पुढचे २२४ दिवस डॉट अडकलेलेच. पहिल्यांदा करणाऱ्याने १ पटीवर थांबावं. स्टेक केलेले (मोबदल्यासाठी नेटवर्ककडे अडकवलेले) डॉटही मतासाठी चालतात, त्यामुळे स्टेकिंग मोडण्याची गरज नाही.

तिथे आणखी एक अडचण येते. ज्या ट्रॅकवर तुम्ही आधी स्वतः मतं दिली आहेत तो सोपवताना व्यवहार नाकारला जातो. आधी ती जुनी मतं काढून टाकावी लागतात. आणि सोपवलेल्या ट्रॅकवर एखाद्या प्रस्तावापुरतं स्वतः मत देता येत नाही. आधी त्या ट्रॅकची नेमणूक मागे घ्यावी लागते.

कार्डानो या ब्लॉकचेनवर डेलिगेटला डीरेप म्हणतात. नोंदणीसाठी डीरेप ५०० एडा (तिथलं टोकन) अनामत ठेवतो, नोंदणी रद्द केल्यावर ती परत मिळते. तुमचे एडा अडकत नाहीत, आणि स्टेक पूलची निवड व डीरेपची निवड या पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२५ च्या प्लोमिन हार्ड फोर्कनंतर (चेनच्या नियमबदलानंतर) डीरेप किंवा ‘नेहमी तटस्थ’ वा ‘अविश्वास’ यांपैकी काही निवडल्याशिवाय स्टेकिंगचा मोबदला काढता येत नाही. या सक्तीमुळे बऱ्याच जणांनी समोर दिसलेलं पहिलं नाव निवडलं असण्याची शक्यता आहे. तुम्ही तसं केलं असेल तर निवड आज पुन्हा पाहा. इपॉक (कार्डानोचा कालखंड) ५ दिवसांचा असतो आणि बदल लागू व्हायला इपॉकची सीमा ओलांडावी लागते. इथे विषयवार वाटणी नाही. एका स्टेक चावीला एकच डीरेप.

कॉसमॉस घराण्यातल्या चेनवर वेगळं नेमावंच लागत नाही. ज्या व्हॅलिडेटरकडे (ब्लॉक तपासून चेन चालवणाऱ्याकडे) तुमचा स्टेक आहे त्याचं मत आपोआप तुमचं धरलं जातं. तुम्ही स्वतः मत दिलं तर तुमच्या वाट्यापुरतं तुमचं मत धरतात. म्हणजे व्हॅलिडेटर फक्त कमिशनवर निवडणाऱ्याने नकळत आपलं मतही सोपवलेलं असतं.

स्नॅपशॉट या मतदानाच्या साइटवरचं मतदान चेनच्या बाहेर होतं, आणि तिथली नेमणूक टोकनच्या नेमणुकीपेक्षा वेगळ्या नोंदवहीत असते. एका ठिकाणी सोपवल्याने दुसरीकडे आपोआप सोपवलं जाईलच असं नाही. त्या संस्थेने कोणती मोजणी निवडली आहे ते तिच्या पानावर पाहा. स्नॅपशॉटच्या नोंदवहीत सगळ्या संस्थांसाठी एकदम सोपवण्याचा पर्यायही आहे. तो टाळा, नेहमी एका संस्थेपुरतं सोपवा. एक दिलासा असा की या नोंदवहीवर चालणाऱ्या नेहमीच्या मोजणीत तुम्ही स्वतः मत दिलं तर तेच धरलं जातं आणि डेलिगेटचं तुमच्यापुरतं बाजूला पडतं. युनि किंवा कॉम्पच्या ऑन-चेन मतदानात अशी मुभा नाही.

सोपवून झाल्यावर

डेव्हलपरला कळवा की तुम्ही त्याच्याकडे मतं दिली आहेत आणि कशासाठी. ‘तांत्रिक प्रस्तावांवरच्या वाचनासाठी’ एवढं लिहिलं तरी पुरे. आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे कळलेला डेलिगेट कारणं लिहायला लागतो.

तीन महिन्यांतून एकदा मतांची नोंद पुन्हा उघडा. हजेरी कमी झाली आहे का, कारणं आखूड होत गेली आहेत का, नोकरी बदलली आहे का. प्रोटोकॉलमध्ये मोठा अपग्रेड येणार असेल तर तीन महिन्यांची वाट न पाहता त्याआधीच पाहा. एखाद्या प्रस्तावावर तुमचं मत वेगळं पडलं म्हणून लगेच काढून घेऊ नका. त्याने दिलेलं कारण कोडवर उभं असेल तर तो त्याचं काम करतो आहे. कारण न देता दिलेली सलग तीन मतं, हितसंबंध असलेल्या प्रस्तावावर जाहीर न करता दिलेलं मत, किंवा चावी चोरीला गेल्याची बातमी, ही काढून घेण्याची कारणं. चावीच्या बाबतीत तर त्याच तासाला हलवा. चोराला टोकन मिळत नसले तरी तुमची मतं त्याच्या हातात असतात, आणि पुढच्या प्रस्तावाच्या नोंदीच्या ब्लॉकआधी ती निघाली तरच उपयोग.

काढून घेणं म्हणजे त्याच ‘डेलिगेट’ कॉलमध्ये नवा पत्ता देणं. वेगळी रद्द करण्याची पायरी लागत नाही. दुसरा डेव्हलपर ठरलेला नसेल तर स्वतःचा पत्ता द्या. पोल्काडॉटवर मात्र आधी ‘अनडेलिगेट’, मग नवी नेमणूक.

कोणताच डेव्हलपर कसोटीला उतरत नसेल तर मतं स्वतःकडे ठेवा आणि न कळणाऱ्या अपग्रेडवर होकार देऊ नका. कोडचा उलगडा मागणारा प्रश्न चर्चेत विचारा: प्रस्ताव कोणते कॉल करतो, कोणी चालवून पाहिला, निकाल कुठे आहे. उत्तर येईपर्यंत तुमचं मत रोखून धरा. बहुतेक ठिकाणी ते मतदानाच्या अखेरच्या ब्लॉकपर्यंत देता येतं.